सिनॉनिम-अँटॉनिम (समानार्थी-विरुद्धार्थी शब्द) पाठ होतात पण लक्षात राहत नाहीत, अन वापरता तर येतच नाहीत. काय करावं?

घाटंजीची_पोरगी

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातली, घाटंजीपासून आत आमचं गाव. बी.ए. झालं, आता एसएससी सीजीएलची (केंद्र सरकारच्या पदवीधर भरतीची परीक्षा) तयारी करून राहिली, मधात सरळसेवेची जाहिरात आली की तो फॉर्म पण भरते. शिक्षण सगळं मराठी मिडियम, गावची झेडपीची शाळा अन मग तालुक्याचं कॉलेज. गणित जमते, रिझनिंग जमते, जीएसची पण भीती नाही, पण इंग्रजीचा पेपर सोडवायला घेतला की व्होकॅबवर येऊन अडते.

अभ्यासिकेत सगळ्यांजवळ एक सिनॉनिम-अँटॉनिमचं पुस्तक आहे. एक शब्द, त्याच्यापुढे पाच-सहा सिनॉनिम, त्याच्यापुढे पाच-सहा अँटॉनिम, अशी पानंच्या पानं. सकाळी पाठ केलं की संध्याकाळी घडाघडा म्हणून दाखवता येते. पण काही दिवसांनी तेच पान उघडलं तर कोणता शब्द कोणाच्या ओळीतला हेच समजत नाही, सगळं एकात एक मिसळते.

अन दुसरी गोष्ट मले त्याहून मोठी वाटते. त्या पुस्तकात फ्रूगल, थ्रिफ्टी, इकॉनॉमिकल, स्टिंजी, मायझरली हे सगळे एकाच ओळीत दिले आहेत. आता माझे बाबा चार एकर कोरडवाहूत आम्हा भावंडांचं शिक्षण करून राहिले, दिवाळीले स्वतःसाठी सदरा घेत नाहीत पण आमची फी कधी थकू दिली नाही. मले बाबांबद्दल इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या असल्या तर यातला कोणता शब्द लिहू? पुस्तक म्हणते सगळे सारखेच. माझं मन म्हणते सारखे नसतील. विचारू कोणाले, गावात इंग्रजीतलं इतकं बारीक सांगणारं कोणी नाही.

तर ज्यांची इंग्रजी खरंच चांगली झाली, अन तीही आपल्यासारख्या गावात राहून झाली, त्यांनी सांगावं की शब्द वाढवायचे कसे, किती शब्द झाले म्हणजे पुरतात, अन हे पाठांतर करत राहू का सोडून देऊ. नेट आमच्याकडे धड चालत नाही म्हणून रोज व्हिडिओ पाहा असं कोणी सांगू नका प्लीज.

---

मोर्शी_संत्रा

ताई, पुस्तक फेकू नको पण त्याची जागा बदल. पहिले रोज एक उतारा वाच, पेपरातला अग्रलेख म्हण का बातमी म्हण का जुन्या प्रश्नपत्रिकेतला पॅसेज म्हण, त्यात जो शब्द अडला तो वाक्यासकट लिहून घे अन मग तुझ्या पुस्तकात त्याचे सिनॉनिम पाह. आधी पुस्तक अन मग वाचन असं केलं तर शब्दाले धरायला जागाच राहत नाही. बाकी जाणकार सांगतीलच.

---

मेहकरचे_गुरुजी

बेटा, तुझं मन बरोबर सांगते. ते शब्द सारखे नाहीत.

थ्रिफ्टी अन फ्रूगल हे दोन्ही चांगल्या अर्थाचे. थ्रिफ्टी म्हणजे पैसा विचार करून खर्चणारा, त्यातून चार पैसे मागे टाकणारा. फ्रूगलमध्ये साधेपणा पण येते, साधं खाणं, साधं नेसणं, गरजेपुरतंच ठेवणं. फ्रूगल मील म्हटलं तर भाकर-चटणीचं जेवण डोळ्यासमोर येते. इकॉनॉमिकल हा शब्द माणसापेक्षा वस्तूले अन पद्धतीले जास्त लागते, जसं कमी पेट्रोलमध्ये चालणारी गाडी. स्टिंजी म्हणजे चिक्कू, जवळ असूनही ज्याच्या हातून सुटत नाही तो. मायझरली त्याच्याही पुढचा, पैसा साठवायसाठी स्वतः अन घरच्यांले पण हालात ठेवणारा. आणखी एक पार्सिमोनियस म्हणून येते, तो पुस्तकी शब्द आहे अन बहुतेक वेळा टीकेच्या सुरात येते.

तुझ्या बाबांसाठी फ्रूगल लिही. अन त्याच्यासोबत जेनरस (उदार) पण लिही. माय फादर इज फ्रूगल विथ हिमसेल्फ अँड जेनरस विथ अस. एकाच वाक्यात एक शब्द आला, त्याच्या विरुद्ध टोकाकडचा पण आला, अन दोन्ही खरे आहेत. असं स्वतःच्या माणसाबद्दल लिहिलेलं वाक्य तू विसरणार नाहीस हे मी वर्गातल्या पोरांवरून सांगतो.

मी झेडपीच्या शाळेत शिकवतो अन माझं पोरांले पहिलं सांगणं हेच राहते की हा फरक तुम्हाले नवा नाही, तो तुमच्या बोलण्यात आधीच आहे. भाकर शिळी होते, तेल खवट होते, दूध नासते, टमाटर सडते. आपण खवट भाकर म्हणतो का? सडलेलं दूध म्हणतो का? सगळ्याचा अर्थ खराब झालं एवढाच आहे, पण प्रत्येक शब्दाची वस्तू ठरलेली आहे. इंग्रजीत तसंच, ब्रेड स्टेल होते, तेल-लोणी रॅन्सिड होते, दूध सावर होते नाहीतर कर्डल होते, फळं-अंडी रॉटन होतात. पुस्तकात हे सगळे बॅडच्या ओळीत सिनॉनिम म्हणून भेटतील. अन गंमत पाहा, या सगळ्यांचा अँटॉनिम बहुतेक ठिकाणी एकच, फ्रेश. म्हणून शब्द एकटा लिहून ठेवू नये, त्याच्यासोबत जे येते ते पण लिहावं. पाऊस हेवी असते, वारा स्ट्राँग असते, गर्दीचा ट्रॅफिक पण हेवीच असते. स्ट्राँग रेन कोणी म्हणत नाही. याला इंग्रजीत कोलोकेशन म्हणतात अन माझ्या मते चांगली इंग्रजी अन कामचलाऊ इंग्रजी इथंच वेगळी होते, मोठ्या शब्दांमुळे नाही.

मग येते तीव्रता. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५-४६ ला टेकते तेव्हा ते रखरखतं ऊन म्हणजे स्कॉर्चिंग. जूनमध्ये एक पाऊस येऊन गेला अन अंगाले घामाच्या धारा लागल्या की तो उकाडा म्हणजे सल्ट्री. दोन्ही हॉटच्या खाली येतात पण एकात कोरडेपणा आहे अन एकात दमटपणा. पावसाचंही तसंच, भुरभुर म्हणजे ड्रिझल, दिवस-दिवस झड लागते ते इन्सेसंट रेन, अन नाल्याले पूर आणते ते टोरेन्शिअल. हवामान खात्याने तर हे मिलिमीटरवर बांधून टाकलं आहे, २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पडला तर हेवी, ११५.६ ते २०४.४ पर्यंत व्हेरी हेवी, त्याच्यावर एक्स्ट्रीमली हेवी. बातमीत हे शब्द आले की आकडा पाहून वाच, मग कळते की विशेषणाची पायरी म्हणजे काय. साध्या शब्दांची पण अशीच पायरी लावता येते, अप्सेट, अँग्री, फ्युरिअस ही रागाची चढती पायरी झाली, अन तुझ्या पुस्तकात तीनही एका ओळीत असतील.

---

अकोट_ते_दिल्ली

गुरुजींचं सगळं पटलं, पण परीक्षेच्या बाजूनं पण कोणी बोललं पाहिजे म्हणून लिहितो. मी एसएससीतूनच लागलो, आता केंद्राच्या ऑफिसात आहे.

ताई, सध्याच्या पॅटर्नमध्ये सीजीएलच्या टियर १ ले इंग्रजीचे २५ प्रश्न ५० मार्कांचे, चुकलं की ०.५० कटते. टियर २ ले इंग्रजीचे ४५ प्रश्न १३५ मार्कांचे. म्हणजे दुसऱ्या टप्प्यात इंग्रजी कच्ची असून भागत नाही. अन २०२३ च्या तलाठी भरतीत पण १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, म्हणजे सरळसेवेतही तीच कथा. या २५ अन ४५ मध्ये सरळ सिनॉनिम-अँटॉनिम थोडेच असतात, पण क्लोझ टेस्ट (उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा), फिलर (वाक्यातली गाळलेली जागा), वन वर्ड (शब्दसमूहाले एक शब्द), इडियम, पॅसेज हे सगळं व्होकॅबवरच उभं आहे.

म्हणून पाठांतर सोडू नको, फक्त कशाचं करायचं ते ठरव. एसएससी शब्द परत परत विचारते. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घे, त्यातले विचारलेले शब्द अन त्या प्रश्नांचे चारही ऑप्शन, एवढंच एका वहीत उतरव. आज जो ऑप्शन म्हणून आला तो पुढच्या शिफ्टमध्ये प्रश्न म्हणून येते. ॲबंडंट-स्कार्स (भरपूर-दुर्मिळ), ऑब्स्टिनेट (हट्टी), कँडिड (मनमोकळा), फ्रूगल, टॅसिटर्न (अबोल), लेथार्जिक (सुस्त) हे असे शब्द कितीदा फिरून येतात ते स्वतः पाहशील. हजारो शब्दांच्या जाड्या पुस्तकापेक्षा ही वही कामाची, अन हिच्यात गुरुजी म्हणतात तशी वाक्यं लिही म्हणजे दोन्ही साधते.

---

वाचनालयातली_ताई

मी दारव्ह्याकडची, एम.ए. इंग्रजी, सध्या गावच्या वाचनालयाचं काम पाहते. घाटंजीच्या ताईने जे लिहिलं ना की सगळं एकात एक मिसळते, तो तिच्या स्मरणशक्तीचा दोष नाही, पुस्तकाच्या मांडणीचा आहे. मला हे मुद्दाम सांगायचं आहे कारण आपल्या भागातली पोरं लगेच समजून घेतात की आपणच कमी आहोत.

१९९० च्या दशकात टिंकहॅम अन वॅरिंग या दोन संशोधकांनी यावर प्रयोग केले. नवे शब्द शिकणाऱ्यांना एकदा जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र दिले अन एकदा एकमेकांशी संबंध नसलेले शब्द दिले. जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र शिकायला जास्त वेळ लागला. कारण नवीन शब्द डोक्यात बसायच्या आधीच त्याच्यासारखाच दुसरा येतो अन दोघांची अदलाबदल होते. सारख्या रंगाची दोन वासरं एकाच दिवशी गोठ्यात आणली तर काही दिवस कोणतं कोणतं ते ओळखू येत नाही, तसं. विरुद्धार्थी शब्दांचं पण हेच होते, दोन्ही नवे असले की कोणता कोणत्या बाजूचा ते उलटते. तुझ्या पुस्तकात एका ओळीत दहा-बारा नवे शब्द, म्हणजे मिसळायची सगळी सोय करून ठेवलेली.

मग सिनॉनिम शिकायचेच नाहीत का, तर तसं नाही. क्रम बदलायचा. एक शब्द आधी पक्का कर, वाक्यात, दोन-तीन ठिकाणी भेटू दे. तो पक्का झाला की मग त्याचा शेजारी आण अन दोघांत फरक काय ते लिही. गुरुजींनी फ्रूगलचा सगळा परिवार मांडला तो तुला म्हणून उपयोगी पडला की तुझ्या मनात आधीच एक माणूस अन एक प्रश्न होता.

इंग्रजीत इतके जवळजवळचे शब्द आले कुठून हे माहीत असलं तर पण पुष्कळ सोपं होते. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून राजा झाला, त्याच्यानंतर बराच काळ दरबारात फ्रेंच चालली, शेतात अन घरात जुनी इंग्रजीच राहिली, अन धर्म-विद्येची भाषा लॅटिन होती. म्हणून एकाच अर्थाचे तीन-तीन थर भेटतात. आस्क घरातला, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला, इंटरोगेट लॅटिनमधला, अन म्हणूनच पोलीस इंटरोगेट करतात, आई आस्क करते. किंगली, रॉयल, रीगल (राजाले शोभेल असं) तसेच. राइज, माउंट, असेंड (वर चढणं) तसेच. साधारण पाहिलं तर छोटा शब्द घरगुती अन लांब शब्द औपचारिक. अर्जात, निबंधात लॅटिन थरातला शोभते, बोलताना घरातला. आपण पण बोलताना पाणी अन कवितेत जल म्हणतो, कोणी घरात मला जल द्या म्हणत नाही.

पुस्तकाबद्दल एक. अशा थिसॉरस नावाच्या पुस्तकांत सगळ्यात प्रसिद्ध पीटर मार्क रोजे या इंग्रज डॉक्टरचं, १८५२ मध्ये छापलं गेलं. त्याने शब्द ए-बी-सी-डी प्रमाणे न लावता अर्थाप्रमाणे लावले, कारण ते भाषा येणाऱ्या लेखकांसाठी होतं, ज्याला शब्द माहीत आहे पण ऐनवेळी आठवत नाही त्याच्यासाठी. शिकणाऱ्याने ते पाठ करावं हा त्याचा हेतू नव्हता. शिकणाऱ्यासाठी लर्नर्स डिक्शनरी असते, ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची, ऑनलाइन फुकट आहे, त्यात सोप्या इंग्रजीत अर्थ, वाक्य, अन शब्द फॉर्मल आहे का इन्फॉर्मल ते लिहिलेलं असते.

किती शब्द पुरतात याचा अंदाज पण आहे. पॉल नेशन या अभ्यासकाच्या २००६ च्या हिशोबाप्रमाणे इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाची मदत न घेता वाचायला ८ ते ९ हजार शब्दकुळं लागतात. शब्दकूळ म्हणजे डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, इनडिसायसिव्ह हे मिळून एक. आकडा ऐकून घाबरू नको, पहिले दोन हजार तुला बी.ए. पर्यंत आलेलेच आहेत. ऑक्सफर्डची ३००० अन ५००० शब्दांची यादी मिळते, त्यात ए१ (सगळ्यात सोपे) पासून सी१ (अवघड) पर्यंत पायऱ्या लावल्यात, ती एकदा प्रिंट काढून कोणते येत नाहीत तेवढ्यांवर खूण कर. ॲव्हरिल कॉक्सहेडची २००० सालची ५७० शब्दकुळांची ॲकॅडेमिक यादी पण कामाची आहे, पॅसेजमध्ये तेच शब्द भेटतात.

---

घाटंजीची_पोरगी

सगळ्यांचे खूप आभार. गुरुजी, ते वाक्य मी बाबांले वाचून दाखवलं, मराठीत अर्थ पण सांगितला. दारव्ह्याच्या ताई, तुमच्यामुळे डोक्यावरचं ओझं कमी झालं, खरंच मले वाटत होतं की माझंच डोकं चालत नाही.

आता अँटॉनिमचं विचारते. क्लासमध्ये सांगतात की शब्दाच्या आधी ‘अन’ (un), ‘इन’ (in), ‘डिस’ (dis) लाव झाला अँटॉनिम. पण कुठी ‘अन’ लावायचं अन कुठी ‘इन’ हे कसं समजायचं? अन मॉक टेस्टमध्ये ऑप्शनमध्ये दोन-दोन विरुद्ध शब्द दिसतात, दोन्ही बरोबर वाटतात, तेव्हा काय करावं? नेटशिवाय उजळणीचं पण सांगा कोणी.

---

मेहकरचे_गुरुजी

इन चा एक सरळ नियम आहे. पुढचा शब्द ल ने सुरू झाला तर इल, लीगल-इल्लीगल, लॉजिकल-इल्लॉजिकल. र असला तर इर, रेग्युलर-इर्रेग्युलर, रिस्पॉन्सिबल-इर्रिस्पॉन्सिबल. प, ब, म असला तर इम, पॉसिबल-इम्पॉसिबल, बॅलन्स-इम्बॅलन्स, मॅच्युअर-इम्मॅच्युअर. हे सगळं लॅटिनमधून आलेल्या शब्दांले जास्त चालते. ‘अन’ (un) हा मात्र जुन्या घरगुती इंग्रजीचा, हॅपी-अनहॅपी, काइंड-अनकाइंड. पण याच्यावर पूर्ण भरवसा नको, रिअल चं अनरिअल होते अन लकी चं अनलकी. ऐकून-वाचून जे येते तेच पक्कं.

आता खड्डे पाहून ठेव, परीक्षक इथंच पाय घसरवते. इनव्हॅल्युएबल म्हणजे बिनकिमतीचं नाही, अतिशय मौल्यवान. प्राइसलेस पण तसंच. इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं, फ्लेमेबल चाच अर्थ, म्हणून विरुद्ध पाहिजे असलं तर नॉनफ्लेमेबल. इन्फेमस म्हणजे अप्रसिद्ध नाही, वाईट कामासाठी गाजलेला. डिसइंटरेस्टेड चा जुना अन परीक्षेत धरला जाणारा अर्थ निःपक्ष, ज्याचा त्यात स्वार्थ नाही असा, अन ज्याले रस नाही तो अनइंटरेस्टेड. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड पाहिजे, अनइंटरेस्टेड नको.

दोन ऑप्शन बरोबर वाटतात त्याचं. विरुद्ध शब्द हा शब्दाचा नसते, त्या वाक्यातल्या अर्थाचा असते. ओल्ड माणूस असला तर यंग, ओल्ड घर असलं तर न्यू. लाइट ओझं असलं तर हेवी, लाइट रंग असला तर डार्क. हार्ड प्रश्न तर ईझी, हार्ड गादी तर सॉफ्ट. प्रश्नात वाक्य दिलं असलं तर पहिले वाक्य वाच. वाक्य नसलं तर पाह की ऑप्शन त्याच जातीचा आहे का, विशेषणाले विशेषणच पाहिजे, नाम नाही चालत. अन मग वजन पाह. एक्स्टॅटिक म्हणजे आनंदाने वेडं होणं, त्याच्यासमोर सॅड अन डिस्पॉन्डंट (पार खचलेला) दोन्ही दिले तर डिस्पॉन्डंट घ्या, कारण जोर बरोबरीचा पाहिजे.

अन अँटॉनिमच्या जाती पण वेगवेगळ्या आहेत हे कोणी शिकवत नाही म्हणून सांगतो. हॉट-कोल्ड मध्ये मधात जागा आहे, वॉर्म, टेपिड (कोमट), कूल. हॉट नाही म्हटलं म्हणजे कोल्डच असं नाही. डेड-अलाइव्ह मध्ये मधात काही नाही, एक नाही तर दुसरं. अन लेंड-बॉरो ही तिसरी जात, एकाच व्यवहाराच्या दोन बाजू. सोसायटी कर्ज लेंड करते, शेतकरी बॉरो करते. क्रेडिटर अन डेटर तसेच, बाय-सेल तसेच. पहिल्या जातीत नेहमी मधल्या पायऱ्या शोधायच्या, त्यातूनच शब्द वाढतात.

---

सेतूवाला_आर्णी

मी सेतू केंद्र चालवतो, इंग्रजीचा मास्तर नाही, पण रोज इंग्रजी फॉर्म अन पोर्टल वाचून माझी इंग्रजी जी सुधारली ती शाळेत नाही सुधारली, म्हणून लिहू राहिलो. ताई, तुझ्या घरात कागद असतीलच, तेच वाच. पीएम किसानच्या पोर्टलवर बेनिफिशिअरी लिस्ट राहते, बेनिफिशिअरी म्हणजे लाभार्थी. त्या बेने चा अर्थ चांगलं. त्याच्यावरून बेनिफिट, बेनेव्होलंट म्हणजे भलं चिंतणारा, बिनाइन म्हणजे निरुपद्रवी. अन उलट बाजूले मॅल म्हणजे वाईट. मेळघाटाच्या बातम्यात मॅलन्यूट्रिशन येते ते कुपोषण, मग मॅलेव्होलंट म्हणजे वाईट चिंतणारा, मॅलिग्नंट म्हणजे घातक, मॅलिस म्हणजे आकस. डॉक्टर गाठ बिनाइन आहे का मॅलिग्नंट आहे म्हणतात तिथं तर सरळ दोन्ही समोरासमोर आले. मलेरियात पण तेच आहे, इटालियनमध्ये माला आरिया म्हणजे खराब हवा, पहिले लोकांले वाटे की दलदलीच्या हवेनं ताप येते.

पीक विम्याच्या इंग्रजी नियमात इनन्डेशन भेटते म्हणजे शेतात पाणी साचणं, हेलस्टॉर्म भेटते म्हणजे गारपीट. फॉर्मच्या पोर्टलवर एलिजिबल-इनएलिजिबल, व्हॅलिड-इनव्हॅलिड, अप्रूव्हड-रिजेक्टेड, मँडेटरी-ऑप्शनल. खरेदीखतात मूव्हेबल-इम्मूव्हेबल, इरिगेटेड-अनइरिगेटेड. पावसाच्या नकाशात लार्ज एक्सेस, एक्सेस, नॉर्मल, डेफिशिअंट, लार्ज डेफिशिअंट अशी सगळी पायरीच लिहिलेली असते, नॉर्मलपेक्षा २० टक्के किंवा त्याहून जास्त कमी पडला की डेफिशिअंट, ६० टक्के किंवा त्याहून जास्त कमी पडला की लार्ज डेफिशिअंट. हे शब्द आपल्या जिवाशी जोडलेले आहेत, विसरता विसरत नाहीत. अन गावातल्या म्हाताऱ्या माणसाले त्याचा कागद वाचून सांगितला तर आपली उजळणी होते अन त्याचं काम पण होते. माझं तर म्हणणं आहे की गावातल्या प्रत्येक शिकल्या पोरापोरीनं हे करावं.

---

अकोट_ते_दिल्ली

सेतूवाले भाऊ, एक नंबर. एलिजिबल, मँडेटरी, डेफिशिअंट हे तिन्ही परीक्षेचे शब्द आहेत, अन ताईले ते घरबसल्या भेटून राहिले.

फक्त दारव्ह्याच्या ताईंना एक विचारतो. परीक्षा दोन महिन्यांवर असली तर एक-एक शब्द पक्का करत बसायला वेळ कुठून आणायचा? तेव्हा तर यादीच घ्यावी लागते.

---

वाचनालयातली_ताई

बरोबर आहे भाऊ, परीक्षा जवळ असली की यादी लागते. पण ती यादी तुमच्या त्या प्रश्नपत्रिकेच्या वहीतून काढलेली असावी, अन एका बैठकीत एका परिवारातला एकच नवा शब्द घ्यावा. आज फ्रूगल, ऑब्स्टिनेट, ट्रान्झिएंट (क्षणिक), कँडिड असे वेगवेगळ्या घरचे. पुढच्या आठवड्यात फ्रूगलच्या समोर एक्स्ट्रॅव्हॅगंट (उधळ्या). शब्द तेवढेच होतात, फक्त क्रम बदलतो.

नेटशिवाय उजळणीचं ताईने विचारलं होतं. एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं पहिल्या काही तासांत अन दिवसांत सगळ्यात जास्त विसरते, नंतर वेग कमी होतो. म्हणून विसरायच्या बेतात असताना परत पाहायचं अन दरवेळी अंतर वाढवायचं. मोबाइलमध्ये अँकी नावाचं ॲप आहे, अँड्रॉइडवर फुकट, एकदा डाउनलोड केलं की नेट नसतानाही चालते. पण मोबाइल घरात सगळ्यांचा एकच असला तर कागदावर पण तेच होते, १९७० च्या दशकात लाइटनर या जर्मन लेखकाने ही डब्यांची पद्धत लोकांपर्यंत नेली. चपलांचे तीन रिकामे खोके घे. जुन्या वह्यांचे कोरे भाग कापून चिठ्ठ्या कर. नवी चिठ्ठी पहिल्या खोक्यात, तो रोज पाहायचा. बरोबर आली की दुसऱ्यात, तो दोन-तीन दिवसांनी. परत बरोबर आली की तिसऱ्यात, तो आठवड्याने. चुकली की कुठंही असो, सरळ पहिल्या खोक्यात परत.

चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला शब्द लिहू नकोस, वाक्य लिही अन शब्दाची जागा रिकामी ठेव. मागच्या बाजूला तो शब्द, त्याचा एक सिनॉनिम अन दोघांत फरक काय ते मराठीत एका ओळीत, अन त्या वाक्यात बसणारा अँटॉनिम. सिनॉनिम आधीच पक्का झालेला असला तरच लिही, नसला तर ती जागा कोरी सोड, नंतर भरता येते. वाक्य शक्यतो स्वतःचं, शेतातलं, घरातलं, बसस्टँडवरचं. अन चिठ्ठी पाहताना मोठ्याने म्हण, तोंडाला सवय लागते.

उच्चाराची शंका आली तर वाचनालयात जो शब्दकोश असेल त्यात जोर कोणत्या अक्षरावर आहे त्याची खूण असते, ती चिठ्ठीवर उतरव. घाटंजीच्या वाचनालयात लर्नर्स डिक्शनरी नसली तर ग्रंथपालांना लेखी मागणी दे, अनुदानातून पुस्तकं घेताना वाचकांची मागणी पाहिली जाते. चार-पाच पोरींच्या सह्या घेऊन दिली तर आणखी बरं.